दोन्ही बाजूंना एकच पत्ता: दादांना जाहीर आभारपत्र

दादा, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो, तर तुम्ही "बरं, बरं" म्हणून विषयच बदललात. म्हणून आता चारचौघांत मानतो.

इंटरनेटवाल्यांनी मॉडेम बदलून दिला आणि घरच्या फायरवॉलमागचं, म्हणजे घर आणि इंटरनेट यांच्यामध्ये पहारा देणाऱ्या पेटीमागचं, सगळं ठप्प झालं. दिवे हिरवे, लॅपटॉपला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळालेला, पण एक पान उघडेल तर शपथ. ज्याला विचारावं तो म्हणे, फायरवॉल रीसेट कर, नाहीतर काढूनच टाक. तुम्ही पहिल्याच वाक्यात बजावलंत, "रूल्सना, म्हणजे काय सोडायचं नि काय अडवायचं या नियमांना, हात लावू नकोस. वॅनला, म्हणजे बाहेरच्या बाजूला, कुठला पत्ता आलाय आणि लॅनला, म्हणजे घरातल्या बाजूला, कुठला आहे, एवढंच वाचून दाखव."

वॅन १९२.१६८.१.२, लॅन १९२.१६८.१.१, मास्क दोन्हीकडे /२४, म्हणजे पत्त्याचे पहिले तीन आकडे नेटवर्कची ओळख. मी वाचत असतानाच तुम्ही हसलात. नवा मॉडेम स्वतःच राउटर होऊन बसला होता आणि त्याचाही पत्ता १९२.१६८.१.१! फायरवॉलने गेटवे, म्हणजे बाहेर नेणारं पुढचं यंत्र, शोधायला जावं, तर तो पत्ता तिचा स्वतःचाच. आतलं आणि बाहेरचं नेटवर्क एकच दिसल्यावर पॅकेट (माहितीचा तुकडा) कुठल्या दाराने सोडायचं, हे तिला कसं कळणार? रूल्स बिचारे निर्दोष होते.

लॅन १९२.१६८.५०.१ वर न्यायला सांगितलंत, आणि बजावलंत की त्याच दमात डीएचसीपीची, म्हणजे यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेची, रेंजही बदल. ती जुनीच राहिली तर लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसेल. म्हणजे पत्ता देणारं कुणी भेटलं नाही, यंत्राने स्वतःच एक धरला. ही खूण मला कुणीच सांगितली नव्हती. नुसता 'नेट नाही' हा संदेश पाहून काय कळतं? त्या आकड्याने मात्र केबल आणि डीएचसीपीकडेच बघायचं, हे ठरतं. प्रिंटरचा पत्ता हाताने घातलेला होता, तो तेवढा वेगळा बदलावा लागला.

नेट सुरू झालं, तरी बाहेरून घरचा कॅमेरा दिसेना. तुम्ही मॉडेमच्या पानावर त्याचा वॅन पत्ता बघायला लावलात. १००.७२ ने सुरू होणारा! १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ साली सेवा कंपन्यांच्या सामाईक वापरासाठी राखून ठेवलाय, त्यामुळे एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक असतात, हे तुम्ही समजावलंत. अशा ठिकाणी घरात कितीही पोर्ट फॉरवर्डिंग करा, म्हणजे बाहेरची हाक आतल्या ठरावीक यंत्राकडे वळवा, बाहेरची हाक कंपनीच्या दारातच अडणार. ब्रिज मोडने, म्हणजे मॉडेमचं राउटरपण बंद करूनही, ते सुटत नाही. खरं सांगतो, नेट चालू झाल्यापेक्षा या "इथे वेळ घालवू नकोस" बद्दल मी तुमचा जास्त ऋणी आहे.

आता कॅमेऱ्यासाठी कंपनीकडे स्वतंत्र सार्वजनिक आयपी मागितला आहे. मिळाला की वॅनचा पत्ता आधी तुम्हालाच वाचून दाखवतो.

तुमचा,
फोनवर आकडे वाचणारा धाकटा