वेरूळ ऐकवणारा रुसेल

संपादक महोदय,

वेरूळ-अजिंठा महोत्सवावरचा पुरवणीतला लेख वाचला. लेण्यांनी झपाटलेल्या परदेशी चित्रकारांची आणि अभ्यासकांची नावे त्यात आली, फ्रेंच संगीतकार आल्बेर रुसेलचे राहिले. राहणारच म्हणा, देब्युसी आणि राव्हेल या संगीतकारांपुढे तो त्याच्या फ्रान्समध्येही मागेच पडतो.

रुसेल (१८६९-१९३७) मूळचा नौदलातला अधिकारी. पंचविशीत नोकरी सोडून तो संगीताकडे वळला. पुढे पॅरिसच्या स्कोला कान्तोरम या संगीतविद्यालयात शिकवू लागला, तेव्हा वयाने तीन वर्षांनी मोठा संगीतकार एरिक साती त्याच्या वर्गात होता! १९०९ मध्ये पत्नी ब्लांशसह तो हिंदुस्थानात आला. त्या प्रवासातून ऑर्केस्ट्रासाठीची 'एव्होकासियों' ही रचना झाली आणि १९१२ साली पॅरिसमध्ये वाजली. तिचा दुसरा भाग जयपूरचा, तिसरा बनारसचा आणि पहिला आपल्या वेरूळचा: 'गुहांच्या अंधारातले देव'.

या पहिल्या भागात सतार-तबल्याची नक्कल करून 'भारतीय' वातावरण उभे करण्याची सोपी वाट रुसेलने धरलेली नाही. सुरुवात मंद, दबकत होते. मग सारा ऑर्केस्ट्रा उसळतो आणि पुन्हा निवतो. भर उन्हातून लेण्यात शिरल्यावर आधी काही दिसत नाही आणि मग मूर्ती एकदम अंगावर येतात, तसेच काहीसे. तिसऱ्या भागात गायक आणि गायकवृंदही आहेत, गंगाकाठी एका फकिराकडून ऐकलेली धूनही आहे. पण मला तो जरा लांबलेला वाटतो.

चितोडच्या कथेवरचा त्याचा 'पद्मावती' हा ऑपेरा-बॅले १९२३ मध्ये पॅरिस ऑपेरात आला. २००८ मध्ये पॅरिसच्याच शातले नाट्यगृहात तो बसवला आपल्या संजय लीला भन्साळींनी. म्हणजे चितोडची आठवण मुंबईकराला झाली, वेरूळची मात्र अजून कुणाला व्हायची आहे.

मुंबईत २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. आयोजकांनी त्यांना बोलावून हा सुमारे पंधरा मिनिटांचा पहिला भाग महोत्सवात एकदा तरी वाजवून घ्यावा. त्याला गायकवृंद लागत नाही, त्यामुळे तेवढ्या खर्चाची सबब नको. तेही जमेपर्यंत सोनेरी महालात निदान ध्वनिमुद्रण लावावे. नाहीतरी दीपप्रज्वलनाचे पाहुणे येईपर्यंत तेवढा वेळ रिकामाच जातो.

— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर