मावशी, त्या एका ओवीबद्दल थँक्यू

मावशी, जय ख्रिस्त.

हे फोनवर सांगता आलं असतं पण फोनवर तुम्ही "असू दे रे" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. आपल्या मंडळीतली जी पोरं आज आतल्या आत कुढत असतील त्यांनीही वाचावं असं वाटतं.

आई गेली तेव्हा उपास झाले होते, चेन प्रेयर झाली होती, सगळं झालं होतं, आणि तरी ती गेली, आणि मग कोणीतरी घरी येऊन सांगून गेलं की तुमचा विश्वास कमी पडला. त्यानंतर मला चर्चमध्ये बसवेना. लोक समजवायला आले, व्हॉट्सॲपवर रोज सकाळी वचनं यायची. तुम्ही मात्र काही समजावलं नाहीत. किचनमध्ये बसवलंत, ते पेन्सिलच्या खुणांनी भरलेलं बायबल उघडलंत आणि मत्तयच्या 28 व्या अध्यायात 17 व्या ओवीवर बोट ठेवून म्हणालात, मोठ्याने वाच.

गालीलातला डोंगर, अकरा शिष्य, मेलेल्यातून उठलेला येशू समोर उभा. त्यांनी त्याला नमन केलं, पण काहींना संशय आला. बस, एवढंच. मावशी, 19 वी ओवी मला संडे स्कूलपासून पाठ आहे, जा आणि सगळ्या राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, ती प्रत्येक कन्व्हेन्शनला ऐकलीये, आणि तिच्या दोनच ओळी वर हे लिहिलंय ते माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, मग येशूने संशयवाल्यांना वेगळं काढलं का? नाही काढलं. ज्यांना संशय होता त्यांच्यासकट सगळ्यांना त्याने तेच काम दिलं, आणि मी युगाच्या समाप्तीपर्यंत तुमच्याबरोबर आहे हेही सगळ्यांनाच सांगितलं.

मग थोमा. या शिष्याबद्दल मला फक्त एकच गोष्ट माहीत होती, की येशू उठला हे त्याने आधी मानलं नाही; तुम्ही त्याआधीच्या दोन दाखवल्यात. येशूचा मित्र लाजर मेल्यावर येशू परत यहूदीयात जायला निघतो, जिथे लोक त्याला दगडमार करायला टपले होते, तेव्हा थोमाच म्हणतो की चला, आपणही जाऊ, त्याच्याबरोबर मरू. आणि शेवटच्या जेवणाच्या वेळी येशू म्हणतो की मी जातोय तिकडचा मार्ग तुम्हाला माहीत आहे, तेव्हा बाकी कोणी बोलत नाही, थोमा सरळ म्हणतो की प्रभू तू कुठे जातोस हेच माहीत नाही तर मार्ग कुठून कळणार. हा माणूस खोटी मान डोलवणारा नव्हताच. आणि त्याने जे बघायला मागितलं, येशूच्या हातांवरच्या आणि कुशीतल्या जखमा, ते बाकीच्यांना आधीच्या रविवारी न मागता दाखवलं होतं, तो त्या दिवशी नेमका तिथे नव्हता.

पण तुम्ही जिथे थांबलात ते आठ दिवस माझ्यासाठी सगळ्यात मोठे आहेत. बाकीचे सगळे म्हणतायत आम्ही प्रभूला पाहिलं, आनंदात आहेत, आणि हा एकटा म्हणतोय मी नाही मानणार. योहान आपल्या शुभवर्तमानात लिहितो की आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. त्या आठवड्यात त्यांच्यात काय बोलणं झालं ते योहान लिहीत नाही, वाद झाला असेल, जेवणंही झाली असतील, पण त्यांनी त्याला घराबाहेर काढलं नाही आणि तोही उठून गेला नाही. म्हणून तर येशू आला तेव्हा तो तिथे होता, आणि "माझा प्रभू आणि माझा देव" हे त्याच्याच तोंडून निघालं. तुम्ही माझ्यासाठी तेच केलंत मावशी. मी मानत नव्हतो तेव्हाही मला घरात ठेवलंत, जेवायला वाढलंत, आणि गुरुवारच्या बायबल स्टडीत माझी खुर्ची असायचीच.

अजून एका गोष्टीसाठी थँक्यू. बाप्तिस्मा करणारा योहान, ज्याने यार्देन नदीत स्वतः येशूला बाप्तिस्मा दिला, तो तुरुंगात पडल्यावर आपले शिष्य पाठवून विचारतो की येणारा तो तूच ना, की आम्ही दुसऱ्या कोणाची वाट बघायची. येशू त्याला विश्वास कमी पडला म्हणत नाही. उलट लोकांना सांगतो की स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी झाला नाही. आणि योहान सुटला नाही, त्याचं मुंडकं छाटलं गेलं, हे तुम्ही माझ्यापासून लपवलं नाहीत. आईबद्दल मला जी चीड होती ती त्या दिवशी पहिल्यांदा कोणासमोर तरी नीट बोललो, आणि तुम्ही पूर्ण ऐकून घेतलंत.

मला वाटतं आपण मंडळीत संशयाला उगाच घाबरतो. इ.स. 55 च्या आसपास प्रेषित पौल ग्रीसमधल्या करिंथला पत्र लिहितो तेव्हा तिथल्या मंडळीतच काही जण म्हणत होते की मेलेले उठत नाहीत, आणि पौल त्यांच्याशी भांडभांड भांडतो पण "बंधूंनो" म्हणूनच. यहूदाच्या त्या छोट्याशा पत्रात तर स्पष्टच लिहिलंय, जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा.

आता सध्या माझ्या डोक्यात याकोब आहे, येशूचा भाऊ. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 7 व्या अध्यायात भावांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता, आणि पुढे हाच याकोब यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी होतो आणि इ.स. 62 मध्ये दगडमारात मरतो, पहिल्या शतकातल्या जोसेफस या यहूदी इतिहासकाराने लिहून ठेवलंय. मधे काय झालं? पौल एवढंच सांगतो की उठलेला येशू याकोबाला दिसला. एका घरात वाढलेल्या भावाला हे मानायला किती जड गेलं असेल, याबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय. रविवारी उपासना झाली की येतो. मनापासून थँक्यू मावशी.