तुझ्या रूममेटचं गुलाबी-हिरवं जॅकेट

प्रिय मनू,

परवा व्हिडिओ कॉलवर तुझ्या रूममेटचं ते गुलाबी-हिरवं जॅकेट दिसलं आणि तू म्हणालीस, "अगं ती सोरॉरिटीवाली आहे, मुलींचा क्लब असतो तसला, पार्ट्या वगैरे." मी तेव्हा काही बोलले नाही पण नाव लिहून घेतलं, अल्फा काप्पा अल्फा, आणि रात्री दोनपर्यंत वाचत बसले. फोनवर तू घाईत असतेस म्हणून लिहितेय.

१५ जानेवारी १९०८, तुझ्याच वॉशिंग्टनमधली हॉवर्ड युनिव्हर्सिटी. एथेल हेजमन नावाच्या मुलीने पुढाकार घेतला आणि ९ जणींनी मिळून ही संघटना काढली, कॉलेजात शिकणाऱ्या काळ्या मुलींची पहिली. त्यांच्या आजी-आजोबांच्या पिढीने गुलामगिरी भोगलेली गं! पुढे १९१३ ला मतभेद होऊन २२ जणी बाहेर पडल्या, त्यांनी डेल्टा सिग्मा थीटा काढली आणि दोन महिन्यांच्या आत बायकांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

मला झोप लागू दिली नाही ती मिसिसिपीने, अमेरिकेच्या दक्षिणेतलं ते कापसाचं राज्य. आयडा जॅक्सन ही शिक्षिका संघटनेची अध्यक्ष होती, तिने १९३४ च्या उन्हाळ्यात लेक्सिंग्टन गावात तिथल्या काळ्या शिक्षकांसाठी वर्ग घेतले आणि तिच्या लक्षात आलं की माणसं इतकी आजारी आहेत की आधी दवाखाना लागणार, शिक्षण नंतर. मग पुढच्या वर्षी डॉ. डोरोथी फेरेबी डॉक्टर, नर्स, शिक्षिका अशा सगळ्या बायकांना घेऊन निघाली. ट्रेनमध्ये काळ्यांना वेगळा डबा, म्हणून या आपापल्या गाड्या चालवत हजारेक मैल गेल्या. तिथे पोचल्यावर कळलं की कापसाचे मळेवाले वाट्याने शेती करणाऱ्या माणसांना दवाखान्यापर्यंत येऊच देत नाहीत, काम बुडतं ना, आणि ती माणसं त्यांच्याच कर्जात अडकलेली. मग या बायकांनी गाडीतच दवाखाना केला आणि मळ्यावर गेल्या, मळ्याचे राखणदार कमरेला बंदूक लावून बघत उभे, आणि या पोरांना घटसर्पाच्या, देवीच्या लसी टोचतायत. पगार नाही काही नाही. १९३५ ते १९४२, दर उन्हाळ्यात, महायुद्धात पेट्रोल-टायरचं रेशनिंग आलं तेव्हाच थांबलं.

मनू, हे वाचताना मला आपल्याकडचे ऊसतोडीचे फड दिसत होते. तू लहान असताना मी संध्याकाळी उशिरा का यायचे ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. उपकेंद्रावर लसीकरणाचा वार ठरलेला, पण कोपीवरच्या, तोडकऱ्यांच्या झोपड्यांतल्या बायका येणार कशा, आगाऊ उचल घेतलेली, एक दिवस खाडा केला की मुकादम पैसे कापणार. म्हणून मी आणि आशाताई व्हॅक्सिन कॅरिअर खांद्याला लावून फडावरच जायचो. एकदा एक पोर पाचटाच्या सावलीत साडीच्या झोळीत झोपलेलं, आई कोयता घेऊन तशीच धावत आली, हात पाचटाने कापलेले, आणि मी बांधावर बसून त्याच्या मांडीत पेंटा दिलं. पेंटातही घटसर्पाची लस असते, माहितीये ना तुला. मुकादम लांब उभा राहून ओरडत होता, "सिस्टर, आटपा लवकर." मला त्या दिवशी फार एकटं वाटलं होतं. ऐंशी वर्षांपूर्वी कुणी तरी असंच शेताच्या कडेला बसून हेच केलंय हे तेव्हा ठाऊक असतं तर किती बरं वाटलं असतं.

आणि एक सांगू, यांच्यात कॉलेज संपलं म्हणून मेंबरशिप संपत नाही, म्हाताऱ्या झाल्या तरी आपापल्या गावात काम चालूच. आज ३ लाखांहून जास्त बायका आहेत. कमला हॅरिस १९८६ ला हॉवर्डमध्ये असताना यात आली. पण माझ्यासाठी फेरेबीच मोठी, अध्यक्षसुद्धा ती मिसिसिपीचं काम करत असतानाच झाली.

तुझ्या रूममेटची आजी मिसिसिपीची आहे म्हणालीस ना मागे? तिला विचार, घरात कुणाला आठवतात का गाडीतून येऊन टोचणाऱ्या बायका. माझ्या जुन्या कॅरिअरचा फोटो पाठवतेय, पट्टा तुटलाय त्याचा, पण तिला दाखव.

तुझी,
आई