पालकमंत्री साहेब, तुम्ही उचललेलं पिल्लू अजून इथेच आहे

प्रति,
मा. पालकमंत्री महोदय यांस,

सादर नमस्कार.

आपणांस आठवत असेल. (नसेलच, पण पत्राची सुरुवात अशी करायची असते, हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलंय.) २६ जानेवारी २०२५. झेंडावंदन उरकून आपण आमच्या कुत्र्यांच्या दत्तक मेळाव्याला आलात. फीत कापलीत, एक काळं पिल्लू दोन्ही हातांत उचलून फोटो काढून घेतलात आणि माइकवर म्हणालात, "ताईंना पंधरा दिवसांत नळ देतो आणि गायरानातली अर्धा एकर जागाही." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्याला वर्ष उलटून गेलं. पाणी अजून टँकरनंच येतं, खेपेला अकराशे रुपये, आणि टँकरवाला पाईप सोडायच्या आधी हात पुढे करतो.

तेवढ्यासाठी पत्र लिहिलं नसतं. हवेतल्या आश्वासनांची सवय आहे आम्हाला. लिहायला लावलं ते या संक्रांतीच्या रात्रीनं.

साडेअकराला फाटकाशी गाडीचा आवाज आला. मी चपला शोधेपर्यंत गाडी वळून गेलीसुद्धा. आत सतरा कुत्री सोडलेली. एसटी स्टँडवरची आणि सरकारी दवाखान्याच्या आवारातली. त्यातल्या तिघांना मी स्वतः भाकरी घालत आलेय, तोंडं ओळखते. दुसऱ्या दिवशी पालिकेत गेले तर उत्तर मिळालं, "सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे, मॅडम." आहे ना! ७ नोव्हेंबर २०२५ चा. शाळा, दवाखाने, बसस्थानकं इथली कुत्री उचलून निवाऱ्यात न्यायची. पण निर्बीजीकरण करून, लस टोचून न्यायची, हेही त्यातच आहे. निवारा म्हणजे निवृत्त मास्तरणीचं फाटक, असं कुठल्या पानावर आहे ते मला दाखवा. सतरापैकी एकाच्याही कानाला खाच नव्हती. म्हणजे नसबंदी नाही, आणि लसीचं तर नावच नको.

त्यातल्या एका पिवळ्या कुत्र्याच्या नाकाडोळ्यांतून पू वाहत होता. सकाळी पाहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला. डिस्टेंपर, कुत्र्यांमध्ये झपाट्यानं पसरणारा जीवघेणा रोग. आजारी जनावर वेगळं ठेवायला आमच्याकडे खोली नाही, ती त्या अर्ध्या एकरात व्हायची होती. आमची लस झालेली मोठी कुत्री तरली. आमच्या पिल्लांचा एकच डोस झाला होता. सात पिल्लं. दहाबारा दिवसांनी एकेकाचा जबडा आपोआप हलायला लागला, काहीतरी चघळत असल्यासारखा, झोपेतसुद्धा. मग पाय उडायला लागले. पाच गेली. त्यातल्या चौघांची घरं ठरली होती. एका मुलीनं तर जेवणाच्या ताटलीवर रंगानं नाव काढून आणलं होतं, 'बुंदी'. ती ताटली माझ्याकडेच आहे. बंगल्यावर पाठवून देऊ का?

आणि ३ फेब्रुवारीला त्याच पालिकेची नोटीस: विनापरवाना श्वानसंगोपन, दुर्गंधी, सात दिवसांत खुलासा करावा. आधी कुत्री आणून टाकायची आणि मग कुत्री फार झाली म्हणून नोटीस काढायची. खुलासा कुणी कुणाला करायचा, साहेब?

मेळाव्यात आपण म्हणाला होतात, "काय तजेलदार कुत्री आहेत हो!" तो तजेला कुठून येतो ते सांगते. आमची खारी घ्या. लॅब्राडोर मादी, बिस्किटाच्या रंगाची. एका फार्महाऊसच्या मागे पत्र्याच्या खोलीत पिल्लं काढण्यासाठी बांधलेली. वय झालं, पिल्लं होईनात, तेव्हा पाणी ठेवायचंही बंद झालं. गळ्यातला पट्टा लहानपणीचाच. मान वाढली, पट्टा कसा वाढेल? तो कातडीत रुतला होता आणि वरून मांस चढलं होतं. वजन साडेबारा किलो, त्याच्या दुप्पट हवं होतं. असं उपाशी जनावर पहिल्याच दिवशी पोटभर जेवलं तर दगावू शकतं. लोकांना हे पटत नाही, दयेपोटी वाडगाभर दूधभात घेऊन येतात. दर तीन तासांनी मूठभरच घालायचं, रात्री दोनचा गजर लावून. जखमेत अळ्या. टर्पेंटाइन सोडून चिमट्यानं काढायच्या. मी त्र्याऐंशीपर्यंत मोजल्या आणि मोजणं सोडून दिलं. गोचीडतापाच्या गोळ्या अठ्ठावीस दिवस, गुळात लपवून नाही तर चिकनमध्ये.

अंग भरलं, पण ती भिंतीकडे तोंड करूनच बसायची. दीड महिन्यानं एका दुपारी मी कुत्र्यांच्या भातासाठी कणी निवडत बसले होते, तर पाठीला काहीतरी टेकलं. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उठून गेली असती. पायाला मुंग्या येऊन पाय मेला माझा, पण तासभर हलले नाही.

फार्महाऊसवाल्याची तक्रार द्यायला गेले तर हवालदार म्हणाले, "ताई, १९६० चा कायदा आहे. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड." खोटं नव्हते बोलत. पन्नास रुपयांत दोन वडापाव आणि चहा येतो. २०२२ मध्ये दुरुस्तीचा मसुदा निघाला होता, तो कुठल्या कपाटात निजलाय ते विचारा तुमच्या दिल्लीकरांना. २०१७ चे नियम सांगतात की नोंदणी केल्याशिवाय कुत्र्यांची पैदास करायची नाही. आपल्या जिल्ह्यात नोंदणी केलेला एक माणूस मला दाखवा, मी त्याला नारळ देईन. पिल्लं विक्रीला असल्याचे मेसेज मात्र रोज सकाळी गुड मॉर्निंगच्या आधी येतात.

दत्तक घ्यायला येणाऱ्यांचंही ऐका, सगळं खापर तुमच्यावर फोडत नाही. मादी नको. काळं नको. गावठी तर नकोच नको. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवर देशी जातींची कुत्री पाळा म्हणून सांगितलं, तेव्हा मला वाटलं आता दिवस पालटले. फोन आले, पण "मुधोळ आहे का?", "कारवान आहे का?" असे. आमच्या उकिरड्यावरची देशी नव्हेत, ती नुसतीच कुत्री. घराघरांत दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आहेत, त्यांना उदबत्ती चालते.

खारीला मात्र माणसं मिळाली. निवृत्त एसटी कंडक्टर आणि त्यांची बायको. चार रविवार येऊन जमिनीवर बसून गेले, नुसते बसले, हात लावला नाही. पाचव्या रविवारी ती आपण होऊन त्यांच्या पिशवीत तोंड घालायला गेली. आता डॉक्टर सांगतात, साथ आटोक्यात येईपर्यंत एकही जनावर बाहेर पाठवू नका. ते रोज संध्याकाळी फोन करून विचारतात, "जेवली का?"

पालिकेतला बाबू मला म्हणाला, "इथं माणसांना पाणी नाही, मॅडम, तुम्ही कुत्र्यांचं काय घेऊन बसलात?" अहो, मग माणसांना का नाही दिलंत? कुत्र्यांनी अडवलं होतं? आमच्या वस्तीवरच्या बायकाही त्याच टँकरपाशी उभ्या असतात. तालुक्याच्या पशुदवाखान्यात डॉक्टरची खुर्ची रिकामी. म्हशीवाले शिव्या देतात ते वेगळंच. तुमच्याच २०१९ च्या पशुगणनेत राज्यात पावणेतेरा लाख भटकी कुत्री आहेत. गाडीमागे सतरा धरली तर पाऊण लाख खेपा होतात. या, माझं फाटक उघडंच आहे. जनगणना केली, मतदारयाद्या केल्या, पोलिओचे डोस पाजले, निवडणुकीला पेटी उराशी धरून जीपमध्ये रात्र काढली. सरकारनं सांगितलेलं एकही काम मी अर्धवट टाकलं नाही. माझं एक काम सरकारनं केलं असेल तर शप्पथ.

पाटल्या मोडल्या मी. गेल्या पावसाळ्यात एक कुत्रं चावलं तर सरकारी दवाखान्यात लस संपलेली, पाचही इंजेक्शनं विकत घेतली. मुलगी नातवाला आणत नाही, जावईबापूंना वास येतो. गुडघे गेले. नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, त्यांना निदान देव भेटला. मी फाईल घेऊन तुमच्या पीएमागे धावते, तर ते मीटिंगमध्ये असतात. तुमच्या त्या दिवसाच्या मांडवाला ऐंशी हजार झाले म्हणे. खरंखोटं मांडववाल्याला ठाऊक. तेवढ्यात दोन खोल्या झाल्या असत्या आणि पाच पिल्लं जगली असती.

नोटीस मागे घ्या, ती सतरा कुत्री पालिकेच्या खर्चानं लस आणि नसबंदी करून घ्या, नळ द्या. जागेचं मी आता बोलत नाही.

राहता राहिलं ते काळं पिल्लू, फोटोतलं. तेरा घरांनी पाहिलं, तेराही घरांनी नाही म्हटलं. आता एकोणीस किलोचं झालंय. नसबंदी झालेली, लसी पूर्ण. पोरांनी त्याचं नाव 'साहेब' ठेवलंय, राग मानू नये. दत्तक घेण्याचा अर्ज सोबत जोडला आहे. सही सोडून बाकी सगळा मीच भरलाय. 'पाण्याची सोय' या रकान्यात 'चोवीस तास' असं लिहिलं आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका