स्कूटीची किल्ली पर्समध्ये टाकणाऱ्या डॉक्टर ताईंना

आदरणीय डॉक्टर ताई,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. बाबा घरी आलेत. ओट्यावर बसून पेपर वाचतात आणि पोह्यांवर शेव नाही म्हणून कुरकुरतात. पण हे पत्र आईसाठी आहे.

बायपासच्या दुसऱ्या दिवशी ट्रोपोनिनचा, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाचा, आकडा फार वर गेला. राउंडला आलेले एक मोठे डॉक्टर फाइल मिटता मिटता म्हणाले, "इंदूरवाल्यांचं हे असंच. शेव, कचोरी, जलेबी. घरात बघणारं कोणी नाही का?" आणि पुढच्या बेडकडे वळले. बघणारी तिथेच उभी होती, हातात थर्मास घेऊन. 42 वर्षं बाबांचे पोहे तिनेच केलेत. त्या रात्री ती जेवली नाही. मी समजावलं, पण अशा वेळी मुलाचं कोण ऐकतं!

तुमची ड्यूटी संपली होती. हातात स्कूटीची किल्ली होती. आईला कोपऱ्यात बसलेली पाहून तुम्ही वॉचमनचं स्टूल ओढलंत आणि किल्ली पर्समध्ये टाकलीत. ताई, माझ्या लेखी सगळं त्यातच आलं. तोपर्यंत जो तो आमच्याशी दारात एक पाय ठेवूनच बोलत होता.

"काकू, ये आपके खाने से नहीं हुआ," तुम्ही म्हणालात. हृदय थांबवून ऑपरेशन करतात तेव्हा ट्रोपोनिन सगळ्यांचंच वाढतं, स्नायूला थोडी इजा होतेच. कोणाला किती, ते ज्याचं त्याचं. त्या वेळी रक्त मशीनच्या नळ्यांतून फिरतं तेव्हा थ्रॉम्बिन नावाचं रक्त गोठवणारं द्रव्य तयार होतं आणि ते प्लेटलेट्सना, म्हणजे गुठळी करणाऱ्या रक्तातल्या बारीक कणांना, चेतवतं. मग तुम्ही आपल्या इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरचं, रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीचं, उदाहरण काढलंत: राजवाड्यावर कोणी पहिल्याच फवाऱ्याला नाचायला लागतो, कोणी चिंब भिजूनही ढिम्म उभा. प्लेटलेट्सचंही तसंच. त्यांच्या अंगावर थ्रॉम्बिनसाठी पार-4 नावाचं एक दार असतं. काहींच्या जीनमध्ये त्या जागी जन्मतःच जरासा फरक असतो. बायपासच्या रुग्णांत त्या फरकाचा संबंध प्लेटलेट्स किती चेततात आणि हृदयाला किती इजा होते याच्याशी आढळलाय.

बाबांचं हेच झालं, असं मात्र तुम्ही म्हणाला नाहीत. ती तपासणी केलेली नाही, कारणं दहा असू शकतात, हेही सांगितलंत. हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबण्यात खाण्याचा वाटा असतो, तेही लपवलं नाहीत. फक्त कालचा आकडा आईच्या कढईतून आलेला नाही, एवढं ठामपणे सांगितलंत. खोटा दिलासा आईला लगेच कळला असता. शाळेत 30 वर्षं मुलांच्या थापा ऐकल्यात तिने.

मोठं शिक्षण खूप जणांकडे असतं हो. समोरच्या बाईला दोन मिनिटं माणूस समजायला त्यातलं काहीच लागत नाही, तरी ते इतकं दुर्मिळ का व्हावं?

आईने शेवटी विचारलं, ही जीन येते कुठून? तुम्ही म्हणालात, एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, "म्हणजे सासूबाईंच्या माहेरची असणार!" तुम्ही इतक्या मोठ्याने हसलात की सिस्टर बाहेर आल्या. तीन दिवसांनी आईही हसली, आणि मग म्हणाली, "डब्यात काही उरलंय का रे?"

कधी रामबागेकडे आलात तर घरी या. शेव वेगळ्या वाटीत ठेवू, बाबांपासून लांब.

तुमचा,
बेड नंबर 6 चा मुलगा, इंदूर