भीमसेन घडले ते घागरी वाहत

महोदय,

मोठ्या गायकाबद्दल बोलताना आपण त्याच्या दैवी गळ्यावरच थांबतो. पंडित भीमसेन जोशी वयाच्या अकराव्या वर्षी घर सोडून गुरू शोधायला निघाले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. मला मात्र त्यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. कर्नाटकातल्या कुंदगोळला गुरू सवाई गंधर्वांकडे त्यांनी घरची कामे केली, पाणी भरले. तालीम मिळाली ती प्रामुख्याने तोडी, मुलतानी आणि पूरिया या तीन रागांची. वर्षानुवर्षे तेच! आज सहा महिन्यांत मुलाला मंचावर उभे करण्याची घाई असलेल्या पालकांनी (मीही त्यांतलाच) हे ऐकून जरा ओशाळायला हवे.

दुसरी गोष्ट कृतज्ञतेची. १९५२ मध्ये गुरू गेले आणि पुढच्याच वर्षी भीमसेनजींनी पुण्यात त्यांच्या नावाने संगीत महोत्सव सुरू केला. स्वतः कीर्तीच्या शिखरावर असतानाही महोत्सव गुरूंच्याच नावाने चालत राहिला. तो आजही भरतो.

ते संत नव्हते. मद्याचे व्यसन त्यांना होते आणि ते त्यांनी सोडलेही. श्रद्धांजलीच्या लेखांत हा भाग गाळला जातो, हे मला पटत नाही. २००८ मध्ये भारतरत्न जाहीर झाले त्या कलावंताची ही धडपडही मुलांना सांगावी. माझ्या मुलीला तर तीच गोष्ट सर्वांत खरी वाटली.

– एक संगीतप्रेमी वाचक