सूचना : शनिवारच्या अभ्यास बैठकीबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या शनिवारी सायंकाळी ५ वाजता होणाऱ्या बैठकीत बलतेज सिंग ढिल्लों यांच्या पोलीस सेवेतून प्रांतिक राजकारणाकडे झालेल्या वाटचालीवर चर्चा होईल. मलेशियात जन्मलेल्या आणि १९८३ मध्ये कॅनडात आलेल्या या शीख तरुणापुढे रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलीस या कॅनडाच्या राष्ट्रीय पोलीस दलात शिरताना प्रश्न होता तो डोक्यावर दलाची रुंद काठाची टोपी घालायची की पगडी ठेवायची, हा. त्यांनी पगडी उतरविण्यास नकार दिला, विरोधकांनी देशभर सह्या गोळा केल्या आणि अखेर मार्च १९९० मध्ये सरकारने गणवेशाचा नियमच बदलला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या विधानसभेसाठी ते सरी-सर्पेंटाइन रिव्हर मतदारसंघातून न्यू डेमोक्रॅटिक पक्षातर्फे उभे राहिले व पराभूत झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते सिनेटवर, म्हणजे कॅनडाच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर गेले, मात्र ती निवडणूक नव्हे, पंतप्रधानांच्या शिफारशीने होणारी नेमणूक आहे. (मागील बैठकीत काहींची येथे गल्लत झाली होती, म्हणून हा खुलासा.)

सभासदांनी पगडीच्या वादातच न अडकता, गणवेशातली ओळख मतपेटीत कितपत उपयोगी पडते यावर टिपण आणावे. प्रत्येकास ५ मिनिटे मिळतील.

– चिटणीस